फाटकाला हात लावून परत

मोजणीदारांना उतारवयात प्रेमाची बाधा झाली आहे, ही बातमी लाँड्रीवाल्याने फोडली. तीही गिऱ्हाइकाच्या शर्टाची घडी घालता घालता, आवाज इतका खाली आणून, की रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानातही नीट ऐकू जावा.

"रोज साडेपाचला येतात," तो म्हणाला. "माझ्या दुकानाच्या कोपऱ्यापासून निघतात, गल्लीच्या टोकाला गाण्याच्या बाईंच्या फाटकापर्यंत जातात, फाटकाला हात लावतात आणि परत फिरतात. मग खिशातून कागद काढतात, काहीतरी लिहितात, कागद परत खिशात. आणि पुन्हा फाटक! रोज सहा वेळा. मोजलंय मी. चिठ्ठी लिहितात हो, पण आत टाकायचा धीर होत नाही बिचाऱ्यांचा."

गल्ली बाईंच्या फाटकापाशीच संपते. पुढे भिंत. तेव्हा माणूस तिथे दुसऱ्या कुठल्या कामाला जाणार? गाण्याच्या बाई एकट्या राहतात, दिसायला बऱ्या आहेत आणि संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून शिकवतात. एवढं सामान मिळाल्यावर लोक काय गप्प बसणार?

आता ज्यांच्यावर हा आळ आला त्या गृहस्थांची गोष्ट ऐका. छत्तीस वर्षं ते रस्ते खात्यात मोजणीदार होते. खोदलेला चर, टाकलेली खडी, ओढलेला पांढरा पट्टा, सगळं मोजायचं आणि खाली लिहायचं, 'मोजून बरोबर'. त्याखाली सही. ती सही झाली की ठेकेदाराचं बिल सुटायचं. ठेकेदार म्हणायचे, या माणसाला चहा पाजून उपयोग नाही. चहा पिईल, कप केवढा आहे ते सांगेल आणि चर पुन्हा मोजेल. घरातही तेच. भिंतीला एक फळी ठोकायची तर दोन दिवस. बायको म्हणायची, "लग्न तेवढं न मोजता केलंत, म्हणून झालं तरी."

निवृत्तीच्या वेळी खात्याने जुनं सामान भंगारात काढलं, त्यातून त्यांनी आपलं मोजणीचं चाक विकत घेतलं. लांब दांड्याचं, एका हाताने पुढे ढकलत न्यायचं चाक. एक फेरा म्हणजे बरोबर एक मीटर. फेरे किती झाले ते दांड्यावरच्या आकड्यांच्या पट्टीवर दिसतं. चाक चालवायचा एक नियम त्यांनी खात्यातल्या प्रत्येक पोराला शिकवला होता. काम सुरू करण्यापूर्वी पोलादी टेप जमिनीवर सोडायची, तीस मीटर, आणि तिच्या कडेने चाक फिरवून बघायचं. 'आधी चाक तपासा, मग रस्ता.' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्यांची पाठ वळली की पोरं त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

घरात माणसं तीन. ते, बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. हा मेहुणा टपाल खात्यातला. पन्नाशीला त्याच्या पायातली ताकद जायला लागली, मग हातातली. स्नायू झिजत जाण्याचा आजार. औषध नाही. तीन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत आणि बहिणीच्या घरातल्या पुढच्या खोलीत. हात थकले, पण तोंड शाबूत होतं. मोजणीदार सकाळी दाढी करताना दिसले की हा खुर्चीतून विचारायचा, "काय भाऊजी, डावा गाल उजव्याइतकाच भरला का आज?"

या आजारावर संशोधन करणारं एक केंद्र शहरात आहे. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी यंदा देणगीसाठी चालायचा कार्यक्रम काढला. दहा किलोमीटर चालायचं. चालणाऱ्याने आपापल्या ओळखीच्या लोकांना गाठायचं आणि त्यांनी दर किलोमीटरमागे अमुक इतकी देणगी कबूल करायची. जमेल त्यातून केंद्राला एक फ्रीज घ्यायचा होता, उणे ऐंशी अंशांचा, रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे टिकवून ठेवायला. मेहुण्याचाही एक तुकडा तिथे होता. तो अभिमानाने सांगायचा, "माझी थोडी मांडी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते."

लाँड्रीवाल्याने मोजणीदारांच्या नावापुढे देणगीचा आकडा घातला खरा, पण पेन खाली ठेवण्याआधी म्हणाला, "दहा म्हणजे दहा हं. एक पाऊल कमी पडलं तरी पैसे परत घेईन. तुमच्याच तालमीत शिकलोय."

सगळे हसले. मोजणीदार तर जास्तच हसले.

रस्ता मोजून द्यायचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. चाकाचा रबर झिजून गेला होता. तो काढून त्यांनी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली, कडा घासल्या, चाक फिरवून पाहिलं. सुरेख फिरत होतं. सकाळी केंद्राची गाडी दाराशी येऊन भोंगा वाजवू लागली, कारण पोलिसांनी रस्ता आठपर्यंतच मोकळा दिला होता. मोजणीदार चाक हातात धरून उभे होते, टेपची चामडी पिशवी खुंटीवर होती आणि मेहुणा खिडकीतून ओरडला, "भाऊजी, चाक आहे ते, आरसा नाही. किती वेळ बघताय? निघा!"

ते निघाले. पिशवी खुंटीवरच राहिली.

दर किलोमीटरला त्यांनी एकेक पाटी लावून घेतली आणि कागदावर लिहून दिलं, 'मार्ग दहा किलोमीटर. मोजून बरोबर.' खाली सही.

रविवारी एकशे शहाऐंशी माणसं चालायला आली. छातीवर नंबर, डोक्यावर टोप्या. मोजणीदारांचा नंबर एक्केचाळीस. मेहुण्याचा शेवटचा, एकशे शहाऐंशी. त्याची खुर्ची ढकलायला नर्सिंगच्या दोन मुली होत्या आणि तो त्यांना सांगत होता, "दमलात तर सांगा, मी जरा वेळ बसून घेईन."

पहिली पाटी मागे पडली. मोजणीदार पावलं मोजायला लागले. मुद्दाम नव्हे. सवयच तशी. चालायला लागले की डोक्यात आकडे आपोआप सुरू. त्यांचं पाऊल पंच्याहत्तर सेंटीमीटरचं, आयुष्यभर तेवढंच. एक हजार तीनशे तेहतीस पावलांचा एक किलोमीटर.

दुसरी पाटी आली एक हजार दोनशे ब्याण्णव पावलांवर.

शेजारी चष्मेवाला मुलीच्या सासरच्या तक्रारी सांगत होता, त्यात आकडा चुकला असेल असं त्यांनी धरलं. त्याला पुढे जाऊ दिलं. तिसरी पाटी, एक हजार दोनशे त्र्याण्णव. कदाचित उत्साहाने पाऊल लांब पडत असेल. त्यांनी मुद्दाम आवरून, अगदी ऑफिसातल्यासारखं पाऊल टाकलं. चौथी पाटी, एक हजार दोनशे ब्याण्णव.

दर किलोमीटरला एक्केचाळीस पावलं गायब. दहाला तीनशे मीटरच्या वर. पावसात वाहून गेलेला रस्ता त्यांनी पाहिला होता, पण हा तर कोरड्या ठणठणीत उन्हात, त्यांच्याच सहीखालून वाहून गेला होता.

पाणी वाटणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, घाम फुटलाय तुम्हाला. बसता का?"

"नको," ते म्हणाले. "बसलो तर आणखी कमी होईल."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी दोन ग्लास दिले.

उरलेले सहा किलोमीटर त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक पाटीपाशी वाटायचं, ही तरी लांब निघेल. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी पिपाणी फुंकत होतं. शेवटची कमान आली. माणसं कमानीखाली थांबत होती, गळ्यात गळे घालत होती. मोजणीदार थांबले नाहीत. कमानीखालून गेले आणि तसेच पुढे चालत राहिले.

"काका! संपलं! इथेच संपलं!"

ते मान खाली घालून चाललेलेच. शेवटी दोन धट्टीकट्टी पोरं धावत गेली आणि त्यांना दंडाला धरून परत घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी पदक घातलं आणि लाउडस्पीकरवर म्हणाल्या, "बघा, यांना दहा पुरत नाहीत! आणि मी छातीठोक सांगते, आज तुम्ही चाललात त्यात एक वीतही कमी नाही. मोजलंय कुणी?"

एकशे पंच्याऐंशी माणसं ओरडली, "मोजणीदारांनी!"

त्या क्षणी मोजणीदारांना पृथ्वीने पोटात घेतलं असतं तर त्यांनी आधी खोली विचारली नसती.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्यांनी इमारतीच्या लांब व्हरांड्यात टेप सोडली आणि चाक फिरवलं. चाकाने तीस सांगितले. टेपवर होते एकोणतीस मीटर सात सेंटीमीटर. सायकलची ट्यूब पातळ, जुना रबर जाड. चाक लहान झालं होतं आणि आपण पूर्वीएवढेच आहोत असं समजत फिरत होतं. दहा किलोमीटरला तीनशे दहा मीटर कमी. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा चाक न तपासता काम केलं, आणि तेही कुठे, तर इथे.

सांगायचं कसं? सांगितलं आणि देणगीदारांनी पैसे परत मागितले तर? लाँड्रीवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. तो एक मागेल, मग त्याचं बघून शंभर मागतील. फ्रीज तर येऊनही पडला होता. मेहुण्याने हट्टाने जाऊन तो पाहिला होता, त्याच्या दाराला थोपटून 'सांभाळ हं' म्हणून आला होता. आणि न सांगावं, तर आपली सही खोटी. जिच्या जिवावर आयुष्य काढलं ती.

त्यांनी एकदा केंद्राला फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमचंच नाव काढलं होतं आत्ता! तुमच्यामुळे केवढं सोपं झालं." यांनी "मेहुण्याची पुढची तारीख विचारायची होती" म्हणून फोन ठेवला. तारीख तर कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली होती.

त्या तारखेला मेहुण्याला घेऊन गेले, तर बाकामागच्या भिंतीवर एक नवी चौकट. काचेआड त्यांचाच कागद. 'मार्ग दहा किलोमीटर. मोजून बरोबर.' पाऊण तास ते त्या सहीखाली बसून होते. मेहुणा म्हणाला, "काय ताठ बसलात भाऊजी! चौकट डोक्यावर पडेल असं वाटतंय का?"

अगदी तसंच वाटत होतं.

जेवण कमी झालं. पाठ टेकायची, डोळा लागायचा नाही. शेवटी त्यांनी मोजणीदाराला सुचेल तेच केलं. कमी पडलं ना, मग भरून द्यायचं. एकशे शहाऐंशी माणसांचे प्रत्येकी तीनशे दहा मीटर. केंद्राकडून चालणाऱ्यांची यादी 'आठवण म्हणून' मागून आणली. पोलादी टेप घेऊन आसपासच्या गल्ल्या धुंडाळल्या. लाँड्रीच्या कोपऱ्यापासून गाण्याच्या बाईंच्या फाटकापर्यंतचं अंतर भरलं नेमकं एकशे पंचावन्न मीटर. दोनदा मोजलं. जाऊन येऊन एक माणूस. गुडघ्यांना दिवसाला सहा माणसं झेपतील असा अंदाज होता. म्हणजे एकतीस दिवस.

फाटकाला हात लावायचं कारण एवढंच, की एकशे पंचावन्नावा मीटर त्या फाटकाच्या गजाशी संपत होता, आणि वीतभर आधी वळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. परत आले की यादी काढायची आणि एका नावापुढे खूण करायची. लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून बघायचा. त्याच्या दोन चादरी त्या महिन्यात जळल्या.

बातमी फिरत फिरत मोजणीदारांच्या बायकोपर्यंत आली. शेजारीण साखर मागायला आली आणि साखर न घेताच गेली, त्यावरून ओळखा किती घाईत होती. बायकोने नवऱ्याला काही विचारलं नाही. पण मनात हिशेब जुळवायला लागली. नवरा जेवत नाही, झोपत नाही, साडेपाच वाजले की शर्ट बदलून निघतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माणूस शर्ट बदलतो म्हणजे काय?

विसाव्या दिवशी ते परत आले, चपला काढल्या आणि हात मागे बांधून उभे राहिले. छत्तीस वर्षांत ठेकेदारांपुढेही असे उभे राहिले नव्हते.

"अहो, हात दाखवा," बायको म्हणाली.

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

उजवा तळहात हिरवागार होता. ओल्या रंगाचा. बायकोने त्या तळहाताकडे पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. "शेजारीण म्हणाली होती, बाईंनी फाटक रंगवायला काढलंय. हिरवं. मी म्हटलं, ह्यांचा काय संबंध."

पुढच्या खोलीतून मेहुणा ओरडला, "ताई, मलाही बघू दे! पुरावा इकडे आण!"

मोजणीदारांनी दोघांच्या मध्ये उभं राहून सगळं सांगितलं. ट्यूब, टेप, पावलं, यादी. खिशातला कागद काढून दाखवला. त्यावर एकशे वीस खुणा होत्या.

बायको आधी रडली, मग चिडली. "एवढं पोटात ठेवून बसलात? मी इथे महिनाभर आरशात बघून विचार करतेय, माझं काय कमी पडलं!"

"तीनशे दहा मीटर," मेहुणा म्हणाला. पण हसला नाही. त्याने यादीत आपलं नाव शोधलं. "भाऊजी, म्हणजे मीसुद्धा दहा केले नाहीत? अख्ख्या टपाल खात्याला फोन करून सांगितलं मी. दहा किलोमीटर!"

"तुझे शेवटी ठेवलेत."

"ते तुम्ही चालणार?"

"मग कोण?"

"माझे मी करीन," मेहुणा म्हणाला. "तुम्ही फक्त ढकला."

बायकोचं म्हणणं, उद्याच केंद्रात जाऊन सांगा. मोजणीदार म्हणाले, काम अपुरं असताना मी कागद देत नाही. अकरा दिवस राहिलेत. त्या अकरा दिवसांत बायको रोज गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली. लाँड्रीवाल्याची तर पंचाईतच झाली. बायको स्वतः राखण करते आणि नवरा फाटकाला हात लावून येतो, हे कुठल्या खात्यात बसवायचं ते त्याला कळेना.

एकतिसाव्या दिवशी पाच फेऱ्या झाल्यावर खुर्ची आली. गल्लीत एका ठिकाणी फरशी उखडलेली होती, तिथे पुढचं चाक अडकलं. मेहुण्याने रस्ते खात्याच्या सात पिढ्या काढल्या. मोजणीदार म्हणाले, ही गल्ली आमच्याकडे नव्हती, नगरपालिकेकडे होती. फाटकाशी पोचल्यावर मेहुण्याने हात उचलायचा प्रयत्न केला. हात मांडीवरून चार बोटं वर आला आणि थांबला. मोजणीदारांनी खुर्ची आणखी पुढे घेतली, पायाचा अंगठा गजाला टेकेपर्यंत. मग परत. शेवटची खूण मेहुण्याच्या हातात पेन देऊन, मनगट धरून करवली. वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले. बायको बरोबर होती, बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई उठल्या, भिंतीवरची चौकट काढली, मागच्या खिट्ट्या उघडल्या, कागद बाहेर काढला आणि पेन पुढे केलं.

त्यांनी 'दहा किलोमीटर' खोडलं. लिहिलं, 'नऊ किलोमीटर सहाशे नव्वद मीटर. उरलेले तीनशे दहा प्रत्येकी, नंतर चालून पूर्ण केले.' आणि सही.

"फ्रीज?" त्यांनी विचारलं.

"मी सगळ्या देणगीदारांना पत्र घालते," बाई म्हणाल्या. "जे आहे ते लिहून. मागतील त्यांचे परत देऊ. काय होईल ते मलाही माहीत नाही."

पत्रं गेली. पुढचे आठ दिवस घरात फोन वाजला की तिघंही दचकायचे. परत मागणारा एकच निघाला. कोण ते सांगायला नकोच. तो पत्र फडकवत घरी आला. "तीनशे दहा मीटर नंतर चाललात म्हणे! रोज सहा फेऱ्या, एकतीस दिवस! कुणी बघितलंय? साक्षीदार कोण?"

मेहुणा खुर्चीतून म्हणाला, "तू."

लाँड्रीवाल्याने तोंड उघडलं.

"अख्ख्या वस्तीला सांगत होतास. रोज सहा वेळा, मोजलंय मी. आता पलटू नकोस हं."

मग त्याने पत्राची घडी घातली, इस्त्री केल्यासारखी चौकोनी, खिशात ठेवली आणि चहा घेऊन गेला. फ्रीज केंद्रातच राहिला. सुधारलेला कागद पुन्हा भिंतीवर गेला. मोजणीदार आता त्याखाली वाकून बसतात, आणि मेहुणा त्यावरूनही बोलतो.

वस्तीला मात्र जुनीच गोष्ट आवडते. अजून कुणी नवीन भाडेकरू आला की त्याला ती सांगितली जाते, हिरव्या तळहातासकट. खरी हकिकत एवढीच आहे, की ती गल्ली एकशे पंचावन्न मीटर लांब आहे. मोजणीदार आणि गाण्याच्या बाई त्या एकतीस दिवसांत एकदाच एकमेकांशी बोलले. बाई खिडकीतून म्हणाल्या, "रंग ओला आहे, हात लावू नका." मोजणीदार म्हणाले, "लावावा लागेल."